झाडीपट्टीच्या रंगमंचासाठी गिटारची नवी वायरिंग : वडसा येथील एका दुकानाचा अनुभव

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीतील नाटकांच्या वाद्यवृंदात मी गेली नऊ वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात, मंडईच्या रात्री नाटक असतेच, आणि हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. या काळात महिन्यातील वीस-बावीस रात्री माझी गिटार धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीतील मंडपात असते. मागील ऑगस्टमध्ये मी या गिटारच्या पिकअपची (तारांचा सूर पकडणाऱ्या भागांची) वायरिंग आणि स्विचची रचना गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात बदलून घेतली. दुकानाच्या फलकावर नाव नाही. ‘ॲम्प्लिफायर, मिक्सर, डिमर दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले आहे. काम झाल्यावर दोन दिवसांतच लिहावे असे वाटले होते, परंतु संपूर्ण हंगाम वाजवल्याशिवाय या कामाविषयी मत देणे योग्य ठरणार नाही असे ठरवून मी थांबलो होतो. आता हंगाम संपला आहे.

प्रथम अडचण काय होती ते सांगणे आवश्यक आहे. माझी गिटार सुरुवातीच्या दर्जाची आहे. तिच्या पुलाजवळ हमबकर, म्हणजे घरघर टाळणारा दोन कॉइलचा पिकअप आहे, मध्ये आणि मानेजवळ एकेक सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, पिकअप आहे, कोणता पिकअप वाजेल हे ठरवणारा पाच जागांचा स्विच आहे, एक व्हॉल्यूम आणि एक टोन आहे. घरी वाजवताना तिच्याबद्दल तक्रार नव्हती. मात्र मंडपात लाइटवाल्याने डिमर अर्ध्यावर आणला की माझ्या ॲम्प्लिफायरमधून भुंगा शिरल्यासारखी घरघर सुरू होत असे. नाटकात दिवे अर्ध्यावर येतात ते नेमके करुण प्रसंगात. आई मुलाला निरोप देत असते, पेटी आणि तबला थांबलेले असतात, मंडपातील हजारभर माणसे श्वास रोखून बसलेली असतात आणि त्या शांततेत माझी घरघर ऐकू येते. अशा वेळी मी व्हॉल्यूम शून्यावर नेत असे आणि पुढचा सूर लावायला उशीर होत असे. एका ज्येष्ठ नटाने मला बाजूला घेऊन, अतिशय सौम्य शब्दांत, त्यांच्या संवादाखाली होणाऱ्या या आवाजाबद्दल सांगितले, तेव्हा हा प्रश्न आता सोडवलाच पाहिजे असे मी ठरवले.

या घरघरीचे कारण पिकअपच्या रचनेतच आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार; या गुंडाळीला कॉइल म्हणतात. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि सिंगल कॉइल पिकअपमध्ये तिचे साधारण सात-आठ हजार वेढे असतात. गिटारची पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की कॉइलमध्ये क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच आपला सूर असतो. पण एवढे वेढे असलेली कॉइल सभोवतालच्या विजेचेही चुंबकीय क्षेत्र पकडते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिची आणि तिच्या पटींची गुणगुण कॉइलमध्ये शिरते. डिमर विजेच्या लहरीचा काही भाग कापून दिवा मंद करतो. लहर अचानक कापली गेल्यामुळे त्या गुणगुणीत कर्कश खरखर मिसळते आणि दिवा अर्ध्यावर असताना ती सर्वाधिक असते. जोडीला जनरेटर, एलईडी दिव्यांचे पुरवठे आणि रंगमंचाखालून गेलेल्या जाड वायरी. आमच्या मंडपात सिंगल कॉइलसाठी याहून प्रतिकूल जागा शोधूनही सापडणार नाही.

वडसा येथे जाण्यापूर्वी मी गिटार नागपूरच्या एका दुकानात दाखवली होती. तेथे तिन्ही पिकअप बदलून घरघर न करणाऱ्या प्रकारचे नवे पिकअप बसवावेत असे सांगण्यात आले आणि १८,००० रुपयांचा अंदाज देण्यात आला. गिटारची किंमतच त्याहून कमी होती. मी नकार दिल्यावर त्यांनी १,२०० रुपयांत ‘कॉइल स्प्लिट’ करून दिले, म्हणजे टोनची खुंटी वर ओढली की हमबकरमधील एक कॉइल बंद होईल अशी सोय केली. ती सोय ठरल्याप्रमाणे काम करत होती, यात शंका नाही. परंतु माझी तक्रार घरघरीची होती आणि हमबकरची एक कॉइल बंद केली की उरलेली दुसरी कॉइल सिंगल कॉइलसारखीच घरघरते. म्हणजे पाच जागांपैकी हमबकरची जी एकमेव जागा शांत होती, तिलाही घरघर लावण्याची व्यवस्था मी पैसे देऊन करून घेतली. त्यांनी मला गिटार कोठे वाजवता हे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

वडसा येथील दुकान चालवणाऱ्या काकांनी मात्र पहिला प्रश्न तोच विचारला. “भाऊ, हे वाजवता कुठं, ते सांगा जी आधी.” मी सांगितल्यावर त्यांनी गिटार उघडली नाही. दुकानात दुरुस्तीसाठी आलेला एक डिमर होता. त्यावर त्यांनी १,००० वॅटचा हॅलोजन लावला, तो अर्ध्यावर मंद केला आणि मला शेजारी बसवून पाचही जागांवर वाजवायला सांगितले. प्रत्येक जागेवर किती घरघर येते ते ऐकून एका वहीत १ ते १० असे गुण लिहिले. मग मला दिव्यापासून दोन हात दूर सरकवले, गिटार आडवी-उभी फिरवायला लावली आणि पुन्हा लिहिले. गिटारची दिशा बदलली की घरघर कमी-जास्त होते हे मला रंगमंचावर जाणवले होते, पण त्याचा अर्थ मला कधी कळला नव्हता. त्यांनी सांगितले की दिशेप्रमाणे बदलणारी घरघर चुंबकीय क्षेत्राची असते आणि तिच्यावर तांब्याच्या पट्टीचा उपाय चालत नाही. हात तारांवर ठेवला की कमी होणारी खरखर वेगळी आणि तिचा उपाय वेगळा. या अर्ध्या तासाच्या परीक्षणासाठी त्यांनी पैसे घेतले नाहीत. माझ्या दृष्टीने या दुकानाचे सर्वांत मोठे मोल या अर्ध्या तासात आहे.

गिटार उघडल्यावर त्यांनी जे शोधले, ते मला नऊ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. पाच जागांच्या स्विचमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन शेजारचे पिकअप एकत्र वाजतात. येथे थोडा इतिहास सांगतो. १९५४ साली स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आली तेव्हा तिच्यात तीनच जागांचा स्विच होता. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून हा एकत्र सूर शोधून काढला आणि फेंडर कंपनीने पाच जागांचा स्विच नेहमीचा म्हणून बसवायला १९७७ साल उजाडले. आता या दोन जागांवर मधला पिकअप शेजाऱ्यांच्या उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असेल, तर घरघर नाहीशी होते. बाहेरून येणारी घरघर चुंबकाकडे पाहत नाही, ती फक्त वेढ्यांची दिशा पाहते. त्यामुळे उलट वेढ्यांच्या दोन कॉइलमध्ये ती परस्परविरुद्ध निर्माण होऊन एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र वेढे आणि चुंबक या दोहोंवर अवलंबून असतो. दोन्ही उलटे केले की तो पूर्ववत सरळ होतो आणि दोन्ही कॉइलचा सूर एकमेकांत मिळून वाढतो. हमबकरही याच तत्त्वावर चालतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला आणि १९५९ साली ते मिळाले.

काकांनी जुना काट्याचा मल्टिमीटर काढला, पिकअपच्या दोन वायरींना जोडला आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक पिकअपच्या खुंट्यांना टेकवून झटकन उचलले. काटा एका बाजूला उडाला. मग शाळेतील मुले वापरतात तसले छोटे होकायंत्र प्रत्येक पिकअपवर धरले. मधला आणि मानेजवळचा, दोन्ही पिकअप एकाच ध्रुवाचे आणि एकाच वेढ्याचे निघाले. म्हणजे माझ्या गिटारमध्ये दुसरी आणि चौथी जागा शांत होण्याची शक्यताच नव्हती; घरघर दोन पिकअपमधून येऊन एकत्र होत होती. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल मीटरवर असा क्षणिक झटका नीट दिसत नाही, म्हणून जुना मीटर जपून ठेवला आहे, असे ते म्हणाले.

यावर त्यांनी केलेला उपाय जवळजवळ बिनखर्चाचा होता. महागड्या सिंगल कॉइलमध्ये सहा स्वतंत्र चुंबक असतात आणि त्यांचा ध्रुव सहज उलटता येत नाही. स्वस्त पिकअपमध्ये सहा पोलादी खुंट्या असतात आणि त्यांच्या खाली सिरॅमिक चुंबकाची एक पट्टी चिकटवलेली असते. ही पट्टी अलगद सोडवून उलटी करून पुन्हा चिकटवली की ध्रुव बदलतो. त्यानंतर त्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की वेढ्यांची दिशाही उलटल्यासारखी होते. दोहोंपैकी एकच गोष्ट केली, तर शेजारच्या पिकअपसोबत वाजवताना सूर पोकळ आणि बारीक येतो, कारण मग घरघरीऐवजी सूरच एकमेकांना खाऊ लागतात. हे काम पाहताना मला धास्ती वाटत होती. पट्टी सोडवताना पात्याचे टोक कॉइलला लागले, तर ती बारीक तार तुटते आणि पिकअप कायमचा निकामी होतो. काकांनी ही शक्यता मला आधी सांगितली, तुटल्यास त्याच प्रकारचा जुना पिकअप त्यांच्याकडे आहे हे दाखवले आणि माझी संमती घेतल्यावरच पाते हातात घेतले. वीस मिनिटांत काम झाले. पुन्हा हॅलोजन अर्ध्यावर आणून चौथ्या जागेवर स्विच ठेवला तेव्हा मला ॲम्प्लिफायर बंद आहे असे वाटले. वहीत आधी ८ असलेला गुण त्यांनी खोडून १ केला.

हमबकरच्या बाबतीत त्यांनी नागपूरची कॉइल स्प्लिटची जोडणी काढून टाकली आणि त्याच ओढता येणाऱ्या खुंटीवर सिरीज-पॅरलल अशी जोडणी केली. हमबकरमधील दोन कॉइल नेहमी एकीमागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. माझ्या हमबकरची प्रत्येक कॉइल जवळपास ४ किलोओहमची आहे. सिरीजमध्ये ८ किलोओहम भरतात, तर त्याच दोन कॉइल शेजारी-शेजारी म्हणजे पॅरलल जोडल्या की मीटर २ किलोओहम दाखवतो. आवाज थोडा उतरतो, वरचे सूर अधिक स्पष्ट होतात आणि सिंगल कॉइलच्या जवळ जाणारा मोकळा नाद मिळतो. महत्त्वाचे म्हणजे दोन्ही कॉइल चालू राहत असल्याने घरघर येत नाही. ज्यांना स्टुडिओत शुद्ध सिंगल कॉइलचा सूर हवा आहे, त्यांनी स्प्लिट करून घ्यावे. पण मंडपात, जनरेटरवर, डिमरच्या शेजारी वाजवणाऱ्याने पॅरललच करून घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हा बदल हमबकरमधून चार स्वतंत्र वायरी निघत असतील तरच करता येतो. एकच वायर आणि वर जाळी असलेला पिकअप असेल, तर तो आतून उघडावा लागतो आणि ते जोखमीचे आहे. वायरींच्या रंगांवर विसंबून राहू नये, हेही तेथे शिकलो. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर सुराची आणि पांढरी-लाल एकत्र जोडायची, तर दिमार्झिओमध्ये लाल वायर सुराची आणि काळी-पांढरी एकत्र जोडायची. हिरवी दोन्हीकडे ग्राउंडला, म्हणजे परतीच्या सामाईक जोडणीला, जाते. इतर कंपन्यांचे रंग यापैकी कोणाशीही जुळतीलच असे नाही. काकांनी प्रत्येक कॉइलची दोन टोके मीटरने शोधली, झटक्याच्या परीक्षेने दिशा ठरवली आणि मगच डाख लावला.

पाच जागांच्या स्विचमध्ये दोन स्वतंत्र बाजू असतात आणि माझ्या गिटारला एकच सामाईक टोन असल्यामुळे दुसरी बाजू मोकळी पडली होती. काकांनी तिचा उपयोग असा केला की दुसऱ्या जागेवर हमबकरची एक कॉइल आपोआप ग्राउंड होते आणि उरलेली कॉइल मधल्या पिकअपच्या उलट ध्रुवाची असते. त्यामुळे ही जागाही शांत झाली. दोन कॉइलपैकी कोणती ठेवायची याची निवड येथे निर्णायक असते. चुकीची ठेवली तर जोडणी बरोबर असूनही घरघर येते. यात एक उणीव राहिली आहे. टोनची खुंटी वर ओढून पॅरलल जोडणी चालू असताना दुसऱ्या जागेवर ही आपोआप होणारी व्यवस्था लागू होत नाही. दोन्ही कॉइल चालू राहतात आणि मधल्या पिकअपची घरघर उघडी पडते. काकांनी हे मला देतानाच सांगितले होते. मी दुसऱ्या जागेवर जाताना खुंटी खाली करतो. ती सवय लागायला आठवडा गेला.

तिसरी आणि पाचवी जागा, म्हणजे मधला आणि मानेजवळचा पिकअप एकेकटा, पूर्वीइतकीच घरघरते. एकट्या सिंगल कॉइलला या जोडणीत उपाय नाही, आणि कोणी वायरिंग बदलून तो देतो असे म्हणत असेल तर आधी डिमरजवळ वाजवून पाहावे.

आतील पोकळीला त्यांनी तांब्याची चिकटपट्टी लावली. या पट्टीचा डिंक वीज वाहून नेईलच असे नसते, म्हणून प्रत्येक सांध्यावर डाखाचा ठिपका दिला आणि संपूर्ण अस्तर एका वायरीने ग्राउंडला जोडले. मोबाइलच्या चार्जरची आणि एलईडी पुरवठ्याची जी बारीक चिरचिर येत असे, ती यामुळे गेली. डाखाचे काम पाहण्यासारखे होते. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या खुंटीखालील विरोध बदलणाऱ्या भागाच्या, पाठीवर ग्राउंडची वायर जोडताना बहुतेक जण डाख लावायची २५ वॅटची इस्तरी मिनिटभर टेकवून ठेवतात. पाठ तापत नाही आणि आतील कार्बनची पट्टी मात्र भाजते. काकांनी ६० वॅटची इस्तरी वापरली, जागा घासून स्वच्छ केली, आधी तेथे डाखाचा पातळ थर दिला, वायरीच्या टोकालाही दिला आणि मग दोन सेकंदांत दोन्ही एकत्र केले. पितळी भांड्याला कल्हई करणारा नवसागर मारून एका पुसण्यात थर देतो, तीच लगबग आणि तीच स्वच्छता. मी हंगामानंतर झाकण उघडून पाहिले. एकही सांधा निघालेला नाही, आणि या काळात गिटार टेम्पोच्या टपावरून धुळीच्या रस्त्यांनी किती गावे फिरली याची गणती नाही.

येथे अर्थिंगविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. गिटारच्या तारा पुलामार्फत ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि ते ग्राउंड केबलमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थपर्यंत जाते. वादकाचा हात सतत तारांवर असतो. घरघर कमी करण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापण्याची पद्धत आमच्या भागात अनेक ध्वनिसंचांवर दिसते. ती कापली आणि ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर वीज उतरली, तर ती तारांवर येते. हातात मायक्रोफोनचा दांडा असेल तर शरीरातून मार्ग पूर्ण होतो. काकांनी माझ्या ॲम्प्लिफायरचा प्लग तपासला, पिन शाबूत आहे याची खात्री केली आणि तारांचे ग्राउंड तोडण्याची माझी विनंती स्पष्टपणे नाकारली. त्यांनी मला घरचे अर्थिंगही पाहायला सांगितले. उन्हाळ्यात जमीन खोलवर वाळते, अर्थच्या खड्ड्यातील ओल जाते आणि जमिनीचा विरोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात नियमित पाणी घातले नाही, तर तिसरी पिन असूनही ती नावापुरती राहते. मी घरच्या खड्ड्यात पाणी घालू लागलो आहे, आणि मंडपात पोहोचल्यावर वाद्ये जोडण्याआधी जनरेटरवाल्याला अर्थची सळई ओल्या जागी ठोकली आहे का हे विचारतो.

आता तक्रारी. पहिली म्हणजे वेळ. चार दिवसांत देतो असे सांगितलेल्या कामाला अकरा दिवस लागले आणि मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. मधल्या काळात गणपतीच्या कार्यक्रमांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आल्यामुळे माझे काम मागे पडले, हे मला आधी कळवले असते तर किमान एक फेरी वाचली असती. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. व्हॉल्यूमच्या जुन्या खरखरणाऱ्या पॉटच्या जागी त्यांनी ५०० किलोओहमचा ‘बी’ प्रकारचा पॉट बसवला. बी म्हणजे सरळ चालीचा. अर्धा फिरवला की विरोध अर्धा होतो. आपला कान मात्र तसा ऐकत नाही. अशा पॉटवर दहापासून चारपर्यंत आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटच्या थोड्या फिरकीत एकदम कोसळतो. मला संवादाखाली सूर हळूहळू विरवावा लागतो, त्यामुळे हा पॉट माझ्या उपयोगाचा नव्हता. ‘ए’ प्रकारचा, म्हणजे कानाच्या चालीने चालणारा पॉट त्यांच्याकडे शिल्लक नव्हता म्हणून त्यांनी हाती असलेला बसवला, पण ते मला विचारले नाही. मी परत गेल्यावर त्यांनी चूक मान्य केली, नागपूरहून योग्य पॉट मागवला आणि वेगळे पैसे न घेता बदलून दिला.

त्याच वेळी त्यांनी व्हॉल्यूमवर १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि १,००० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडून दिला. व्हॉल्यूम कमी केला की पॉटचा विरोध आणि लांब केबलची धारिता मिळून वरचे सूर गाळून टाकतात आणि गिटार रजईखालून वाजल्यासारखी येते. हा कपॅसिटर वरच्या सुरांना वाट करून देतो. कपॅसिटरला त्यांच्या दुकानात ‘कंडेन्सर’ असेच म्हणतात आणि त्यावर १०२ असा आकडा असतो. रेझिस्टरमुळे पॉटच्या चालीतही किंचित फरक पडतो, पण तो मला मानवला. टोनवरचा ४७३ आकड्याचा, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून २२३, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरडचा बसवला, हाही चांगला बदल ठरला. हमबकरवर टोन पूर्ण खाली केला तरी आता सूर गढूळ होत नाही. ५०० किलोओहमच्या पॉटवर सिंगल कॉइल थोडे टोकदार वाजतात. त्यासाठी केवळ सिंगल कॉइलच्या वाटेवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावून तो पॉट त्यांना २५० किलोओहमच्या जवळचा भासवता येतो. काकांनी ते सुचवले होते. मंडपाच्या गोंगाटात तो टोकदारपणाच उपयोगी पडेल असे वाटून मी ते करून घेतले नाही.

तिसरी तक्रार आकृतीची आहे. काम झाल्यावर वायरिंगची आकृती मिळाली नाही. पुढे कधी दुसऱ्या गावी दुरुस्ती करावी लागली, तर दुसरा मेकॅनिक ही जोडणी पाहून गोंधळेल, कारण स्विचची मोकळी बाजू वापरल्याचे वरवर दिसत नाही. मी आग्रह धरल्यावर त्यांनी वहीतील पान फाडून त्यावर पेन्सिलीने आकृती काढून दिली. ती मी लॅमिनेट करून गिटारच्या पिशवीत ठेवली आहे. ही आकृती त्यांनी प्रत्येक ग्राहकाला न मागता द्यायला हवी.

हंगामातील अनुभव सांगायचा तर, मी आता ऐंशी टक्के वेळ पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर वाजवतो. लावणीच्या ठेक्याला दुसरी जागा, संवादाखालच्या संथ सुरांना चौथी जागा आणि गाण्यांमधल्या तानांना हमबकर सिरीजमध्ये, अशी वाटणी आपोआप झाली. जानेवारीत आरमोरी तालुक्यातील एका मंडईत आमच्या शेजारीच डिमरचा रॅक ठेवला होता, मध्यरात्रीनंतर दव पडून वाद्यांवर ओल आली होती, आणि निरोपाच्या प्रसंगात दिवे अर्ध्यावर उतरले. मी चौथ्या जागेवर होतो. व्हॉल्यूमला हात न लावता मी एक सूर धरून ठेवला, तो पूर्ण विरेपर्यंत ऐकू आला आणि त्यानंतर फक्त मंडपातील शांतता होती. पहाटे चहा घेताना त्याच ज्येष्ठ नटांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

फेब्रुवारीत पाच जागांच्या स्विचमध्ये धूळ शिरून एकदा दुसरी जागा तुटक वाजू लागली होती. बांधीतील माती आणि धानाचा कोंडा उघड्या पत्र्याच्या स्विचमध्ये सहज जातो. संपर्क साफ करण्याचा फवारा मारून स्विच दहा-वीस वेळा फिरवल्यावर ती अडचण दूर झाली. हा फवारा पॉट आणि स्विचसाठी असलेलाच घ्यावा. सायकलच्या साखळीला मारायचे तेल मारल्यास धूळ अधिक चिकटते.

एकूण खर्च १,८५० रुपये आला. त्यात नवा पाच जागांचा स्विच, व्हॉल्यूमचा पॉट, जॅक, तांब्याची पट्टी आणि किरकोळ सामान मिळून १,१५० रुपये, आणि मजुरी ७०० रुपये. ओढता येणारा टोनचा पॉट आधीचाच वापरला. एवढ्या कामाला ही मजुरी कमी आहे आणि काकांनी ती वाढवावी असे मी त्यांना सांगितले आहे.

वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यातील वादकांनी येथे जरूर जावे. दिवाळीच्या तोंडावर मात्र जाऊ नये, कारण तेव्हा सर्व नाटक कंपन्यांचे ध्वनिसंच आणि डिमर तेथे रांगेत असतात. जून-जुलैमध्ये, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दुकान मोकळे असते. सोबत आपली केबल आणि ॲम्प्लिफायर न्यावा, पॉट ‘ए’ हवा की ‘बी’ हे आधीच सांगावे, आकृती मागून घ्यावी आणि कोणत्या जागेवर आपण सर्वाधिक वाजवतो याचा विचार करून जावे. मी यंदा मानेजवळचा आणि मधला पिकअप सिरीजमध्ये जोडता येईल असा आणखी एक स्विच बसवून घेणार आहे. दोघे आता परस्परविरुद्ध असल्याने ती जोडणीही शांत राहील आणि आवाज मोठा येईल. काकांनी त्यासाठी जूनचा दुसरा आठवडा दिला आहे.